सभासद होण्यामागचे मन : माणसे ना-नफा संस्थांत का सामील होतात?

देशातील बहुतेक नोंदणीकृत संस्थांचे आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात त्यांच्या वार्षिक सर्वसाधारण सभांचा हंगाम सुरू होतो. सभेच्या सूचनापत्राच्या तळाशी एक ओळ सहसा असतेच : गणपूर्तीअभावी सभा अर्धा तास तहकूब करण्यात येईल व त्यानंतर त्याच ठिकाणी भरणाऱ्या सभेस गणपूर्तीची अट राहणार नाही. ही तरतूद अपवादात्मक प्रसंगासाठी केलेली असली, तरी अनेक संस्थांत तीच नित्याची रीत झाली आहे. पटावर सभासद शेकड्यांनी असतात. सभागृहात कार्यकारिणी आणि तिच्याभोवतीची मोजकी मंडळी.

केंद्रीय अन्वेषण विभागाने २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात सादर केलेल्या माहितीनुसार देशातील स्वयंसेवी संस्थांची संख्या ३१ लाखांच्या घरात होती. त्यांतील किती चालू आणि किती केवळ कागदावर, हा प्रश्न निराळा. तथापि संस्था स्थापन करण्याचा उत्साह या देशात कमी नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते. संस्था नोंदणी अधिनियम, १८६० अन्वये त्यासाठी अवघ्या सात व्यक्ती पुरतात. कठीण असते ते आठव्या व्यक्तीला आणणे, आणि तिला टिकवणे. म्हणूनच लाभाची अपेक्षा नसलेल्या संस्थेत माणूस स्वतःचे पैसे भरून नाव का नोंदवतो, हा प्रश्न केवळ समाजशास्त्रज्ञांचा राहत नाही. ग्रंथालये, विज्ञान मंडळे, ग्राहक संघटना आणि महाराष्ट्राबाहेरील महाराष्ट्र मंडळे या सर्वांचे भवितव्य त्याच्या उत्तराशी बांधलेले आहे.

पन्नास स्वाक्षऱ्यांचे सभासदत्व

मराठी समाजात सभासदत्वाची कल्पना रुजली ती आजच्यापेक्षा बरीच कडक स्वरूपात. २ एप्रिल १८७० रोजी स्थापन झालेली पुणे सार्वजनिक सभा हे त्याचे ठळक उदाहरण. पर्वती संस्थानच्या कारभाराविषयीच्या असंतोषातून या सभेचा जन्म झाला आणि गणेश वासुदेव जोशी, म्हणजेच सार्वजनिक काका, तिचे प्रमुख प्रवर्तक होते. या सभेचा सभासद होण्यासाठी वर्गणी भरणे पुरेसे नव्हते. आपल्या वतीने बोलण्याचा अधिकार देणारे किमान पन्नास प्रौढ व्यक्तींच्या स्वाक्षऱ्यांचे मुखत्यारपत्र आणावे लागे. आरंभीच्या ९५ सभासदांमागे सुमारे सहा हजार लोकांची मुखत्यारपत्रे होती.

ज्या काळी या देशात कोणालाही कायदेमंडळासाठी मतदान करता येत नव्हते, त्या काळी अशा सभासदत्वाचा अर्थ काय असेल, याची कल्पना करता येते. वर्गणीच्या बदल्यात सभासदाला सेवा मिळत नसे; मिळत असे ती प्रतिनिधित्वाची प्रतिष्ठा, आणि तिच्याबरोबर पन्नास जणांना उत्तर देण्याची जबाबदारी. प्रवेश जितका अवघड, तितके आत आल्यानंतरचे मोल अधिक, हा मानवी स्वभाव त्या नियमाने नेमका हेरला होता.

याहून कठोर नमुना पुण्यातच चौदा वर्षांनी उभा राहिला. १८८४ मध्ये स्थापन झालेल्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सदस्य म्हणजे एकरकमी शुल्क भरून मोकळे झालेले लोक नव्हते. दरमहा ७५ रुपयांच्या वेतनावर वीस वर्षे संस्थेत अध्यापन करण्याची ती प्रतिज्ञा होती. गोपाळ कृष्ण गोखले आणि धोंडो केशव कर्वे यांनी ती स्वीकारली. गोखल्यांनी पुढे १९०५ मध्ये भारत सेवक समाज स्थापन केला, तेव्हा तेथील सदस्यांसाठी पाच वर्षांचे प्रशिक्षण आणि स्वतःसाठी धन न मिळवण्याची शपथ ठेवली.

तथापि त्यागाच्या पायावरील सभासदत्वही निर्वेध नसते. आजीव सदस्यांनी बाहेर अर्थार्जन करावे की नाही, यावरून डेक्कन एज्युकेशन सोसायटीत तीव्र मतभेद झाले आणि या वादातूनच १८९० मध्ये बाळ गंगाधर टिळकांनी संस्थेचा राजीनामा दिला. ध्येय एक असूनही ध्येयासाठी किती द्यावयाचे, याविषयी सहकाऱ्यांचे एकमत होत नाही, हे संस्थाजीवनातील जुने दुखणे आहे.

‘आजीव’ या शब्दाचा पुढील प्रवास मात्र बोलका आहे. एके काळी आयुष्याची उमेद देणाऱ्यास आजीव सदस्य म्हणत. आज ती एक वर्गणीची श्रेणी आहे : एकदा रक्कम भरावी आणि पुन्हा विचारणा होऊ नये. संस्थांनी ही श्रेणी ठेवींवर व्याज बरे मिळत असताना उत्साहाने विकली. व्याज उतरत गेले आणि दशकांपूर्वी घेतलेल्या रकमेतून आता सूचनापत्राचा टपालखर्चही निघत नाही, असा अनुभव अनेक ठिकाणचा आहे. आर्थिक तोट्याहून मोठा तोटा वेगळाच. दरवर्षी वर्गणी भरणारा सभासद दरवर्षी एकदा तरी ‘आपण या संस्थेत का आहोत’ असा प्रश्न स्वतःला विचारतो. आजीव सभासदाला तो कधीच विचारावा लागत नाही.

फुकट मिळते, तर पैसे का भरावे?

या विषयाचा शास्त्रीय विचार मांडताना अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ मॅन्कर ओल्सन यांच्या १९६५ मधील ‘द लॉजिक ऑफ कलेक्टिव्ह अ‍ॅक्शन’ या ग्रंथाला वळसा घालता येत नाही. त्यांचा मुद्दा साधा आणि अस्वस्थ करणारा आहे. एखादी संघटना लढून सर्वांसाठी काही मिळवते, तेव्हा ते न लढणाऱ्यालाही मिळते. ग्राहक संघटनांच्या रेट्याने वजनमापांची तपासणी कडक झाली, तर वर्गणी न भरणाऱ्या ग्राहकालाही पुरते माप मिळते. मग शहाणा माणूस वर्गणी भरेलच कशाला? ओल्सन यांचे उत्तर असे की, मोठ्या संघटना केवळ उद्दिष्टाच्या बळावर टिकत नाहीत. सभासदांनाच मिळेल आणि इतरांना मिळणार नाही, असे काहीतरी त्यांना द्यावे लागते.

मुंबई ग्राहक पंचायतीची घडण या दृष्टीने पाहण्याजोगी आहे. १९७५ मध्ये सुरू झालेल्या या संस्थेने ग्राहकहक्कांच्या चळवळीला मासिक वाणसामानाच्या वाटपाची जोड दिली. शेजारपाजारच्या कुटुंबांचा एक संघ करावयाचा, सर्वांची मागणी एकत्र नोंदवायची, घाऊक खरेदीतील माल एका घरी उतरवून घ्यायचा आणि तेथे सर्वांनी मिळून तो वाटून घ्यायचा, अशी ही पद्धत. रास्त दरात चांगला माल हा लाभ सभासदांपुरता. न्यायालयांत आणि शासनदरबारी दिलेल्या लढ्याचा लाभ सर्वांना. तूरडाळीसाठी आलेली गृहिणी हळूहळू ग्राहकहक्कांविषयी ऐकू लागते आणि पुढे त्याच कामाला लागते, हा मार्ग उपदेशाच्या भाषणांपेक्षा खात्रीचा ठरला. त्या वाटपाच्या दिवशी एका घरात जमलेल्या शेजाऱ्यांच्या गप्पांचा वाटा यात किती होता, हे मोजणे अवघड आहे. पण तो थोडा नसावा. आता वाणसामान काही मिनिटांत दारात येते. दरांतील फरक संपला तरी चालेल, गप्पा संपल्या तर संघ टिकेल का, हा अशा उपक्रमांपुढील खरा प्रश्न आहे.

ओल्सन यांच्या आधीच, १९६१ मध्ये, पीटर क्लार्क आणि जेम्स विल्सन यांनी संघटनांतील प्रेरणांची एक सोपी विभागणी मांडली होती. काही प्रेरणा भौतिक असतात : सवलत, सेवा, नियतकालिक, ग्रंथ. काही सहवासाच्या : ओळखी, मान, आपलेपणा. आणि काही हेतूच्या : आपण योग्य कामाला हातभार लावत आहोत, याचे समाधान. प्रत्यक्ष माणसात या तिन्ही एकमेकींत गुंतलेल्या असतात आणि त्यांचे प्रमाण काळानुसार बदलते. पुस्तकांसाठी ग्रंथालयात नाव घातलेला वाचक निवृत्तीनंतर वर्तमानपत्राच्या टेबलाभोवतीच्या मित्रांसाठी येऊ लागतो आणि इमारतीच्या दुरुस्तीसाठी झोळी फिरवायची वेळ येते, तेव्हा सर्वांत पुढे असतो. ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयासारख्या १८९३ पासून चालत आलेल्या संस्था अशा अनेक पिढ्यांच्या बदलत्या प्रेरणांवर उभ्या आहेत.

मानसशास्त्राने ही यादी आणखी वाढवली. गिल क्लॅरी, मार्क स्नायडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात स्वयंसेवेमागील सहा कार्ये दाखवली. मूल्यांचे आचरण, शिकण्याची इच्छा, आप्तमित्रांचा आग्रह, व्यवसायातील उपयोग आणि आत्मसन्मान ही पाच लक्षात येण्यासारखी आहेत. सहावे काहीसे नाजूक : मनातील एकटेपणा किंवा अपराधभावना हलकी करणे. जोडीदाराच्या निधनानंतर वृद्धाश्रमाच्या कामाला वाहून घेणाऱ्या माणसाचा हेतू कमी शुद्ध ठरवण्याचे कारण नाही. या संशोधकांचा निष्कर्ष व्यावहारिक आहे : ज्याला जे हवे होते तेच कामातून मिळाले, तो समाधानी राहतो. शिकण्यासाठी आलेल्या तरुणाला वर्षभर खुर्च्या मांडायला लावले, तर तो निघून जातो आणि ‘हल्लीच्या पिढीला निष्ठा नाही’ असा शेरा त्याच्यामागे उरतो.

थोडे पैसे, अधिक घसरण

सभासदांना किंवा कार्यकर्त्यांना काही मोबदला दिला तर उत्साह वाढेल, ही समजूत सार्वत्रिक आहे. इस्रायलमधील उरी नीझी आणि आल्दो रुस्टिकिनी यांनी २००० मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग तिला छेद देतो. सेवाभावी कामासाठी दारोदार निधी गोळा करणाऱ्या शाळकरी विद्यार्थ्यांचे तीन गट केले गेले. पहिल्याला केवळ कामाचे महत्त्व सांगितले, दुसऱ्याला गोळा केलेल्या रकमेच्या एक टक्का आणि तिसऱ्याला दहा टक्के मोबदला कबूल केला. हा मोबदला देणगीतून नव्हे, तर संशोधकांच्या निधीतून दिला जाणार होता. सर्वाधिक निधी जमवला तो मोबदला न मिळालेल्या गटाने. एक टक्कावाले सर्वांत मागे राहिले आणि दहा टक्केवाले त्यांच्या पुढे गेले, तरी पहिल्या गटाला गाठू शकले नाहीत.

पैसा आला की कामाचा अर्थ बदलतो, सेवेची जागा हिशेब घेतो आणि हिशेबाने पाहिले तर एक टक्का अपमानास्पदच वाटतो. सार्वजनिक उत्सवाची वर्गणी गोळा करणाऱ्या मुलांना हे कोणी शिकवावे लागत नाही. सदस्यनोंदणी वाढवण्यासाठी भेटवस्तू आणि सवलतींची कूपने वाटणाऱ्या संस्थांनी मात्र याचा विचार करावयास हवा.

कोणी विचारलेच नाही

माणसे सामील का होत नाहीत, या प्रश्नाचे सर्वांत नेमके उत्तर बहुधा सिडनी व्हर्बा, के श्लोझमन आणि हेन्री ब्रॅडी यांनी १९९५ मध्ये दिले. नागरी जीवनात भाग न घेण्याची कारणे तीन : जमत नाही, इच्छा नाही, किंवा कोणी विचारलेच नाही. पहिल्या दोहोंविषयी कार्यकारिणीच्या बैठकांत पुष्कळ चर्चा होते. तिसरे कारण सहसा इतिवृत्तात येत नाही, कारण त्याचा दोष बैठकीत बसलेल्यांकडे जातो.

भारतीय पक्षिशास्त्राचा इतिहास अशा एका विचारण्यावर वळला. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी १८८३ मध्ये मुंबईतील आठ निसर्गप्रेमींनी स्थापन केली, त्यांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोघे होते. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात एक शाळकरी मुलगा, आपण मारलेली पिवळ्या गळ्याची चिमणी कोणत्या जातीची, हे विचारण्यासाठी या संस्थेत आला. त्याचे मामा अमीरुद्दीन तय्यबजी संस्थेचे सभासद होते. त्यांनीच त्याला तेथे धाडले. मानद सचिव डब्ल्यू. एस. मिलार्ड यांनी पोराला वाटेला लावले नाही. पेंढा भरलेल्या पक्ष्यांचा संग्रह उघडून दाखवला, वाचायला पुस्तके दिली. तो मुलगा म्हणजे सलीम अली. एका सभासदाचा नातलग, एका पदाधिकाऱ्याचा दिलेला वेळ आणि दाखवायला काही असलेले कपाट, एवढ्यावर आयुष्यभराचे नाते जुळले. संस्थेची उद्दिष्टे छापलेले पत्रक त्या दिवशी कोणी त्याच्या हाती दिले असेल, असे वाटत नाही.

केरळ शास्त्र साहित्य परिषदेने हेच मोठ्या प्रमाणावर केले. १९६२ मध्ये मल्याळममधून विज्ञानलेखन करणाऱ्यांची ही छोटी मंडळी होती. पुढे कलाजथ्यांतून गावोगावी नाट्यप्रयोग करीत आणि घरोघर पुस्तके विकत ती जनसंघटना झाली आणि १९९६ मध्ये तिला राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. पुस्तक विकायला दारी आलेला कार्यकर्ता एकाच वेळी निधी मिळवतो, विचार पोहोचवतो आणि माणूस हेरतो.

मतासाठी सभासद

प्रेरणांची ही चर्चा येथेच थांबवली तर चित्र अपुरे राहील. काही संस्थांत सभासदसंख्या एकाएकी वाढते ती निवडणुकीच्या तोंडावर. १८६० च्या अधिनियमानुसार तीन महिन्यांहून अधिक काळ वर्गणी थकवणाऱ्यास मताचा अधिकार राहत नाही. त्यामुळे कोणाची थकबाकी कोण भरतो, यावरून पुढील समीकरणे ओळखता येतात. संस्थेकडे शहराच्या मध्यवस्तीत इमारत, नाट्यगृह किंवा महाविद्यालय असेल, तर सभासदत्व हे सेवेचे नव्हे, तर मालमत्तेवरील नियंत्रणाचे साधन होते. याची उलट बाजूही तितकीच घातक. आपले बहुमत ढळू नये म्हणून विद्यमान कार्यकारिणी नवे अर्ज वर्षानुवर्षे प्रलंबित ठेवते. महाराष्ट्रात असे वाद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात बदल अर्जांच्या रूपाने पोहोचतात आणि तेथे दीर्घकाळ रेंगाळतात.

सभासद कोणाला करावे, हे ठरवण्याचा अधिकार मुळात संस्थेचाच, असा सर्वोच्च न्यायालयाचा निर्वाळा आहे. प्रयागच्या हिंदी साहित्य संमेलनाची रचना बदलून तीत नवे सदस्य आणणारा १९६२ चा केंद्रीय कायदा न्यायालयाने १९७१ मध्ये दमयंती नारंगा प्रकरणात रद्द ठरवला. घटनेच्या अनुच्छेद १९(१)(ग) मधील संघ स्थापन करण्याच्या हक्कात, ज्यांच्यासोबत स्वेच्छेने एकत्र आलो त्यांच्यासोबतच संघ चालू ठेवण्याचा हक्कही येतो, असे त्या निकालाचे सूत्र आहे. शासनाच्या हस्तक्षेपाविरुद्ध ही मोलाची ढाल आहे. मूठभरांनी बंद केलेल्या दारावर मात्र तिचा काही उपाय नाही.

परमुलखातील मंडळे

महाराष्ट्राबाहेरील मराठी माणसासाठी सभासदत्वाची प्रेरणा नेहमीच अधिक निकडीची होती. बदलीच्या नोकरीत दिल्ली, कोलकाता, हैदराबाद किंवा बंगळूरला आलेल्या कुटुंबाला मंडळाकडून आधी भाड्याच्या घराचा पत्ता हवा असे, मग मुलांची शाळा, सत्यनारायणासाठी गुरुजी, दिवाळी अंक आणि पुढे लग्नाची स्थळे. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ पासून, तर उत्तर अमेरिकेतील मंडळांची शिखर संस्था असलेले बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ पासून याच गरजांवर वाढले. गणेशोत्सवाच्या दहा दिवसांत तिन्ही प्रेरणा एका मांडवाखाली येतात : प्रसादाचे जेवण, माणसांची भेट आणि भाषा टिकवल्याचे समाधान.

घराचा पत्ता आता भ्रमणध्वनीवर मिळतो, स्थळेही तेथेच, आणि दिवाळी अंक घरपोच येतो. दुसऱ्या पिढीची मैत्री शहरातील भाषेतून होते. या पिढीला मंडळ परके वाटते असे नाही; नाटकाला, ढोलपथकाला, एखाद्या दिवसाच्या श्रमदानाला ती येते. तिला नको असते ती दीर्घ मुदतीची बांधिलकी आणि तीन तासांची सभा. अमेरिकेच्या संदर्भात थिडा स्कॉकपोल यांनी २००३ मध्ये दाखवलेला बदल येथेही जाणवू लागला आहे : सभासदांनी चालवलेल्या संस्थांची जागा पगारी व्यवस्थापनाच्या, देणगीदारांवर चालणाऱ्या संस्था घेत आहेत. अशा संस्था काम कदाचित अधिक नेटके करतात. परंतु सभेत उभे राहून हिशेब विचारण्याची, हरकत नोंदवण्याची आणि मतदानात हरण्याची सवय जेथे लागत असे, ती जागा त्यांच्यापाशी नसते.

जुन्या मंडळांपुढे आणखी एक पेच आहे आणि तो समृद्धीतून आलेला आहे. पूर्वसुरींनी वर्गण्या जमवून बांधलेल्या वास्तूंचे सभागृह आज विवाह आणि प्रदर्शनांसाठी भाड्याने जाते आणि त्याचे उत्पन्न साऱ्या सभासदांच्या वर्गणीच्या कित्येक पट असते. ज्या कार्यकारिणीला वर्गणीची गरज उरलेली नाही, तिला सभासदांच्या दारी जाण्याचेही कारण उरत नाही. काही मंडळांनी यावर साधे उपाय योजले आहेत : आजीव वर्ग बंद करून वार्षिक वर्गणीकडे परतणे, विद्यार्थ्यांसाठी नाममात्र शुल्क, अमराठी जोडीदारास पूर्ण मताधिकार. नव्या नावांसाठी प्रवेशअर्जावर सूचक आणि अनुमोदक असे दोन रकाने असतात. सूचक होण्यासाठी कोणाला तरी आधी शेजारच्या इमारतीत जाऊन दार वाजवावे लागते, आणि ते काम भाड्याच्या उत्पन्नातून करून घेता येत नाही.